धान, मोह आणि बांबू : चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील उदाहरणांच्या आधारे प्राथमिक कर्बोदक-रसायनाचे विवेचन

सारांश

आरोग्यविज्ञान शाखांच्या प्रथम वर्षात कर्बोदकांचे रसायन बहुधा व्याख्या, वर्गीकरण आणि रचनासूत्रे या क्रमाने शिकविले जाते. सूत्रे पाठ होतात. परंतु रेणूच्या रचनेचा रुग्णाच्या शरीराशी असलेला संबंध अस्पष्टच राहतो. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सर्वत्र आढळणाऱ्या धान, मोहफुले आणि बांबू या तीन पदार्थांच्या आधारे कर्बोदकांच्या मूलभूत संकल्पनांचे विवेचन केले असून त्या संकल्पना जलसंजीवनी, सिकलसेलग्रस्त रुग्णातील मधुमेहाची चाचणी आणि रक्तगट या तीन प्रत्यक्ष प्रश्नांशी जोडल्या आहेत. कर्बोदकांच्या बाबतीत घटक अणू कोणते यापेक्षा ते कोणत्या दिशेने व कोणत्या बंधाने जोडलेले आहेत ही बाब अधिक निर्णायक ठरते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कर्बोदके, ग्लुकोज, ग्लायकोसिडिक बंध, पिष्ट, सेल्युलोज, जलसंजीवनी, सिकलसेल, रक्तगट.

१. प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनजिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील झाडीपट्टीत धान हे मुख्य पीक आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलांचा हंगाम आणि वर्षभर बांबूची कामे यांवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालते. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये आणि गडचिरोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परिचर्या, औषधनिर्माण व प्रयोगशाळा-तंत्र या अभ्यासक्रमांना येथील ग्रामीण व आदिवासी विद्यार्थी मोठ्या संख्येने प्रवेश घेतात. यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते.

अशा विद्यार्थ्यापुढे कर्बोदकांचे प्रकरण येते ते परक्या नावांची आणि षट्कोनी आकृत्यांची मालिका म्हणून. वास्तविक ज्या पदार्थांच्या त्या आकृत्या आहेत, ते पदार्थ त्याच्या घरात, बांधीत आणि जंगलात असतात. पेज, मोहाचा लाडू आणि बांबूची टोपली यांत मुख्यत्वे कर्बोदकेच आहेत. या परिचयाचा अध्यापनात उपयोग करून घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू याहून महत्त्वाचा आहे. या प्रदेशात काम करणाऱ्या परिचारिकेला किंवा डॉक्टरला कर्बोदकांच्या रचनेचे अज्ञान प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत महागात पडू शकते. त्याचे विवेचन लेखाच्या उत्तरार्धात केले आहे.

२. संज्ञा आणि वर्गीकरण

‘कर्बोदक’ या संज्ञेत कार्बन आणि उदक म्हणजे पाणी असे दोन घटक आहेत. एकोणिसाव्या शतकात या पदार्थांच्या पृथक्करणात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्याप्रमाणेच दोनास एक असे आढळले आणि त्यावरून हे नाव रूढ झाले. ही व्याख्या आता पुरेशी मानली जात नाही. ॲसिटिक आम्लात हेच प्रमाण असूनही ते कर्बोदक नाही. उलट डीएनएमधील डीऑक्सिरायबोज या शर्करेत एक ऑक्सिजन अणू कमी असूनही ती कर्बोदकच आहे. म्हणून एकाहून अधिक हायड्रॉक्सिल गट असलेली अल्डिहाइडे किंवा कीटोने आणि जलविच्छेदनाने असे पदार्थ देणारी संयुगे म्हणजे कर्बोदके, अशी रचनेवर आधारलेली व्याख्या स्वीकारली जाते.

जलविच्छेदनाने ज्यांचे आणखी साध्या शर्करांत विघटन होत नाही त्या एकशर्करा. उदाहरणार्थ ग्लुकोज, फ्रुक्टोज व गॅलॅक्टोज. दोन एकशर्करांच्या संयोगाने द्विशर्करा बनते. नेहमीच्या वापरातील साखर म्हणजे सुक्रोज, दुधातील लॅक्टोज आणि पिष्टाच्या पचनात तयार होणारे माल्टोज ही द्विशर्करांची उदाहरणे होत. काही थोड्या एकशर्करा जोडून अल्पशर्करा आणि शेकडो ते हजारो जोडून बहुशर्करा तयार होतात. पिष्ट, ग्लायकोजेन व सेल्युलोज या तीनही बहुशर्करा केवळ ग्लुकोजपासून बनलेल्या आहेत. घटक एकच असताना गुणधर्मांत एवढे अंतर का पडते, हा प्रश्न वर्गीकरण शिकवितानाच विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. पुढील सर्व विवेचन या प्रश्नाचे उत्तर आहे.

३. मोहफूल : एकशर्करांचा परिचय

मोहाची मांसल फुले मार्च-एप्रिल महिन्यांत रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत गळतात आणि सकाळी वेचली जातात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज व सुक्रोज या प्रमुख शर्करा आढळतात. एकशर्करा आणि द्विशर्करा एकत्र असलेला हा नैसर्गिक नमुना प्रथम वर्षाच्या प्रयोगासाठी सोयीचा आहे.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोहोंत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे बारा व ऑक्सिजनचे सहा अणू असतात. ग्लुकोजमध्ये पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड गट, तर फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर कीटोन गट असतो. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यातील फरक त्याहूनही सूक्ष्म आहे. दोन्ही अल्डिहाइड शर्करा आहेत. केवळ चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलट आहे. ज्या कार्बनला चार भिन्न गट जोडलेले असतात त्याला असममित कार्बन म्हणतात. ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे चार कार्बन असल्यामुळे दोनाचा चौथा घात म्हणजे सोळा अवकाशीय समघटक संभवतात. त्यांपैकी आठ डी-श्रेणीचे व आठ एल-श्रेणीचे होत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजची अवकाशीय मांडणी निश्चित केली. शर्करा व प्युरिन यांवरील कार्यासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी शरीर ऊर्जेसाठी डी-श्रेणीतील ग्लुकोजच वापरते. आरशातील प्रतिमेसारखे एल-ग्लुकोज चवीला गोड असले तरी शरीरातील विकरे त्याचे चयापचय करू शकत नाहीत.

मोहाच्या संदर्भात किण्वनाचाही उल्लेख आवश्यक आहे. यीस्टच्या क्रियेने ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. या हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून अधिकाधिक ९२ ग्रॅम इथेनॉल मिळू शकते. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीच्या रेट्यामुळे १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये ती लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. सामाजिक प्रश्न म्हणून विद्यार्थ्यांना या गोष्टी ठाऊक असतात. त्यांना सांगावयाचा जीवरासायनिक भाग असा की, उपाशीपोटी मद्यपान केल्यास यकृतातील इथेनॉलच्या ऑक्सिडीभवनामुळे नवीन ग्लुकोज तयार होण्याची प्रक्रिया मंदावते. यकृतातील ग्लायकोजेनचा साठा आधीच संपलेला असल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत घसरते. अशा व्यक्तीची बेशुद्धी केवळ नशेची समजली गेली, तर उपचारास घातक विलंब होतो. म्हणून मद्यपान केलेल्या बेशुद्ध रुग्णाची ग्लुकोज-पातळी तातडीने पाहावी, हा संकेत या रसायनातूनच निघतो.

४. वलयरचना, अल्फा-बीटा भेद आणि क्षपण

पुस्तकात प्रथम दाखविली जाणारी ग्लुकोजची सरळ साखळी द्रावणात अत्यल्प प्रमाणात असते. पाचव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट पहिल्या कार्बनवरील अल्डिहाइड गटाशी संयोग पावतो आणि सहा अणूंचे वलय तयार होते. असे होताना पहिला कार्बनही असममित बनतो. त्यावरील नवा हायड्रॉक्सिल गट रूढ आकृतीत वलयाच्या खाली दाखविला की अल्फा आणि वर दाखविला की बीटा समघटक होतो. शुद्ध अल्फा-ग्लुकोज पाण्यात विरघळविल्यास त्याचे विशिष्ट प्रकाशीय वलन सुमारे +११२ अंशांवरून हळूहळू +५२.७ अंशांवर स्थिरावते. शुद्ध बीटा-ग्लुकोजचे सुमारे +१९ अंशांवरून वाढत त्याच मूल्यावर येते. म्हणजेच वलय उघडते, पुन्हा मिटते, आणि अखेरीस सुमारे एक-तृतीयांश अल्फा व दोन-तृतीयांश बीटा असा समतोल साधला जातो.

या उघडण्या-मिटण्यामुळेच ग्लुकोज ही क्षपणकारक शर्करा ठरते. बेनेडिक्ट चाचणीत अल्कधर्मी माध्यमातील निळ्या तांबे-आयनांचे उघड्या साखळीतील अल्डिहाइड गटाकडून क्षपण होते आणि विटकरी रंगाचा क्युप्रस ऑक्साइडचा साका मिळतो. उघड्या साखळीचे प्रमाण अत्यल्प असले तरी ती वापरली जाताच समतोल सरकतो व आणखी वलये उघडतात. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइड गट नसतो. परंतु अल्कधर्मी माध्यमात त्याचे अल्डिहाइड रूपात परिवर्तन होऊ शकते, त्यामुळे तेही चाचणी देते. सुक्रोज मात्र देत नाही, कारण त्यात ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा असे वलय उघडू शकणारे दोन्ही कार्बन परस्परांच्या बंधात गुंतलेले असतात.

प्रयोगशाळेत तीन परीक्षानळ्यांत मोहफुलांचा पाण्यातील अर्क, साखरेचे द्रावण आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासह उकळून नंतर उदासीन केलेले साखरेचे द्रावण घ्यावे. बेनेडिक्ट द्रावणासह तापविल्यावर पहिल्या व तिसऱ्या नळीत विटकरी साका येतो, दुसरी नळी निळीच राहते. वलय, बंध आणि जलविच्छेदन या तीन कल्पना एकाच प्रयोगात प्रत्ययास येतात.

या चाचणीच्या मर्यादा सांगणेही तितकेच आवश्यक आहे. बेनेडिक्ट चाचणी ग्लुकोजची नसून क्षपणकारक पदार्थाची आहे. लघवीतील क जीवनसत्त्वामुळेही ती सकारात्मक येऊ शकते. याउलट ग्लुकोज ऑक्सिडेज असलेली पट्टी ग्लुकोजच ओळखते. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकाराच्या अर्भकाच्या लघवीची बेनेडिक्ट चाचणी सकारात्मक आणि पट्टीची चाचणी नकारात्मक येऊ शकते. दोन चाचण्यांतील ही विसंगती हाच निदानाचा धागा असतो. चौथ्या कार्बनवरील गटाच्या दिशेला येथे थेट वैद्यकीय अर्थ प्राप्त होतो.

५. धान आणि बांबू : एक घटक, दोन बंध

तांदळातील पिष्ट आणि बांबूतील सेल्युलोज यांचे संपूर्ण जलविच्छेदन केल्यास दोहोंपासून केवळ ग्लुकोज मिळते. तरीही भात शिजतो व पचतो. बांबूचे छत पावसाळे सोसते. या भेदाचे कारण दोन ग्लुकोज-घटकांना जोडणाऱ्या ग्लायकोसिडिक बंधात आहे.

पिष्टात एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी अल्फा बंधाने जोडलेला असतो. या बंधामुळे साखळीला वळण मिळते व ती मळसूत्राकार होते. पिष्टाचे दोन घटक आहेत. ॲमायलोज ही मुख्यतः सरळ जोडणीची साखळी असून ॲमायलोपेक्टिनमध्ये दर २४ ते ३० ग्लुकोज-घटकांमागे पहिला-सहावा अशा अल्फा बंधाने शाखा फुटते. ॲमायलोजच्या मळसूत्रात आयोडीन सामावते व गडद निळा रंग येतो. पेजेत आयोडीनचे थेंब टाकून नळी तापविल्यास मळसूत्र सैल होऊन रंग नाहीसा होतो आणि थंड होताच परत येतो. भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी या दोन घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असते. ॲमायलोज अधिक असल्यास भात मोकळा होतो. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील शेतकरी दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांनी ‘पटेल-३’ या वाणातून निवड करीत ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा लोकप्रिय वाण विकसित केला. लोंबी पारखून व भात चाखून निवड करणारा शेतकरी एका अर्थी पिष्टाच्या रचनेचीही निवड करीत असतो, हे या उदाहरणावरून वर्गात सांगता येईल.

सेल्युलोजमध्ये हाच पहिला-चौथा बंध बीटा प्रकारचा असतो. त्यामुळे प्रत्येक ग्लुकोज-घटक आधीच्या घटकाच्या तुलनेत उलटा बसतो आणि साखळी सरळ ताणलेली राहते. अशा शेजारच्या साखळ्या असंख्य हायड्रोजन बंधांनी एकत्र येऊन बळकट तंतू बनतात. पाण्याला आत शिरण्यास वाव राहत नाही. बांबूच्या कोरड्या वजनाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग सेल्युलोजचा असतो. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद उद्योगाला या प्रदेशातील बांबू दीर्घकाळ पुरविला गेला तो या तंतूंसाठीच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबू विक्रीसाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. सेल्युलोजला येथे जसे रासायनिक, तसे आर्थिक व सामाजिक मूल्यही आहे.

मानवी लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेज हे विकर अल्फा बंध तोडते. बीटा बंधावर त्याची क्रिया होत नाही. मुरमुरे बराच वेळ चावल्यास गोडवा जाणवतो, पण कागद कितीही चावला तरी जाणवत नाही. गुरांच्या पहिल्या जठरातील सूक्ष्मजीव सेल्युलेज हे विकर तयार करतात, म्हणून धानाचा पेंढा हे त्यांचे खाद्य होऊ शकते. मनुष्याच्या आहारात सेल्युलोज तंतुमय घटक म्हणून राहते. पावसाळ्यात भाजीसाठी वापरले जाणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, हे त्याचे स्थानिक उदाहरण होय. ते पोट भरतात व आतड्यांचे चलनवलन सुधारतात; ऊर्जा मात्र फारशी देत नाहीत.

यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनची रचना ॲमायलोपेक्टिनसारखीच असून शाखा अधिक दाट, म्हणजे दर ८ ते १२ घटकांमागे असतात. शाखांच्या टोकांवर एकाच वेळी अनेक विकर-रेणू काम करू शकतात. ग्लुकोज त्वरित उपलब्ध होण्याचे हे रचनात्मक कारण आहे.

६. पेज, मीठ आणि जलसंजीवनी

अतिसारात मूल दगावते ते मुख्यतः पाणी व क्षार गमावल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही हानी भरून निघत नाही, कारण आतड्यातून पाण्याचे शोषण प्रामुख्याने सोडियमच्या शोषणामागोमाग होते. लहान आतड्याच्या पेशीपटलावरील एक सहवाहक प्रथिन सोडियमचे दोन आयन व ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आत नेते. दोहोंपैकी एक नसेल तर ही वाहतूक थांबते. बहुतेक अतिसारांत ही यंत्रणा शाबूत राहते. हे प्रथिन ग्लुकोज व गॅलॅक्टोज स्वीकारते. फ्रुक्टोजसाठी वेगळा वाहक असून त्याचा सोडियमशी संबंध नाही. म्हणजेच जलसंजीवनीतील ग्लुकोज केवळ शक्तीसाठी नसून सोडियमला व त्यामागून पाण्याला आत नेण्यासाठी आहे.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज-क्षारांचे द्रावण तोंडाने दिले. तेथील सुमारे ३० टक्के मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. १३.५ ग्रॅमला १८० या रेणुभाराने भागल्यास दर लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज येते. सोडियमचे प्रमाणही ७५ मिलिमोलच आहे. हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेतले पाहिजे.

साखर अधिक टाकल्यास अधिक गुण येईल, हा समज घातक आहे. बाजारातील शीतपेयांत दर लिटरला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि नगण्य सोडियम असते. न शोषलेली शर्करा परासरणामुळे शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढते व जुलाब वाढतात. सूत्रातील प्रमाण म्हणूनच पाळावे लागते. येथे बहुशर्करांचा एक गुण उपयोगी पडतो. परासरणाचा दाब द्रावणातील कणांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या वजनावर नाही. पिष्टाच्या एका प्रचंड रेणूत शेकडो-हजारो ग्लुकोज-घटक साठविलेले असूनही तो एकच कण असतो. आतड्यात अमायलेजच्या क्रियेने ग्लुकोज टप्प्याटप्प्याने मोकळे होते व लगेच शोषले जाते. तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनी पटकीच्या रुग्णांत विशेष उपयुक्त ठरल्याचे संशोधन या तत्त्वावरच आधारलेले आहे.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. अशा परिस्थितीत जलसंजीवनीचे पाकीट हाताशी येईपर्यंत मीठ घातलेली पातळ पेज देण्याचा सल्ला आरोग्यसेविका देते, तेव्हा तो सल्ला शास्त्रशुद्ध असतो. मात्र पेज हा पाकिटाचा पर्याय नसून तोपर्यंतचा आधार आहे, कारण तिच्यातील क्षारांचे प्रमाण निश्चित नसते. सिकलसेलग्रस्त बालकाच्या बाबतीत हा विलंब अधिक धोकादायक ठरतो. शरीरातील पाणी घटल्यास लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याची प्रवृत्ती वाढते.

७. सिकलसेल आणि एचबीए१सी चाचणी

रक्तातील ग्लुकोजचा उघडा अल्डिहाइड गट हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या आरंभी असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटाशी विकराच्या मदतीशिवाय संयोग पावतो. आरंभीचे संयुग अस्थिर असते. पुढे अंतर्गत पुनर्रचना होऊन ते स्थिर बनते. असे ग्लुकोजयुक्त हिमोग्लोबिन म्हणजे एचबीए१सी. लाल पेशीचे सर्वसाधारण आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे या घटकाच्या टक्केवारीवरून मागील दोन-तीन महिन्यांतील ग्लुकोज-पातळीचा अंदाज येतो. ६.५ टक्के किंवा अधिक ही मधुमेहाच्या निदानाची मर्यादा मानली जाते.

या चाचणीचे गृहीतक पेशीच्या आयुष्याचे आहे, आणि ते या दोन जिल्ह्यांत नेहमी खरे ठरत नाही. विदर्भातील अनेक आदिवासी व अन्य समाजघटकांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात बीटा साखळीतील सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाची जागा व्हॅलिन घेते. ग्लुकोज ज्या व्हॅलिनशी जोडले जाते ते पहिल्या स्थानावरील आहे, हा भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करून सांगावा. सिकलसेल रुग्णाची लाल पेशी साधारण १० ते २० दिवसच टिकते. ग्लुकोजशी संयोग होण्यास तिला पुरेसा अवधीच मिळत नाही. परिणामी रक्तातील ग्लुकोज खरोखर वाढलेले असतानाही एचबीए१सीची टक्केवारी कमी दिसते आणि मधुमेह दुर्लक्षित राहण्याची शक्यता निर्माण होते. नुकतेच रक्त चढविलेले असल्यास वाचन अधिकच अविश्वसनीय ठरते, कारण ते अंशतः दात्याच्या पेशींचे असते. वाहक व्यक्तींत पेशींचे आयुष्य जवळजवळ सामान्य असते. तथापि काही चाचणीपद्धतींत एस-हिमोग्लोबिनमुळे व्यत्यय येऊ शकतो.

अशा रुग्णांत प्रत्यक्ष रक्तशर्करेची तपासणी किंवा रक्तद्रवातील प्रथिनांवर आधारित फ्रुक्टोसामिन चाचणी यांचा आधार घ्यावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून तपासणीची व्याप्ती वाढत आहे. एकाच आरोग्य केंद्रात सिकलसेल व मधुमेह या दोन्ही तपासण्या होत असताना एका अहवालाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम ओळखणारा कर्मचारी तेथे असणे आवश्यक आहे. ती जाण प्रथम वर्षाच्या वर्गात, उघड्या साखळीच्या आकृतीपाशीच देता येते.

८. रक्तगट : पेशीवरील शर्करा

कर्बोदके केवळ इंधन व बांधणीचे द्रव्य नसून पेशीची ओळखही आहेत. लाल पेशीच्या पृष्ठभागावरील अल्पशर्करा-साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की एच प्रतिजन बनतो. त्यावर एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामिन जोडले गेल्यास ‘ए’ गट, गॅलॅक्टोज जोडले गेल्यास ‘बी’ गट, दोन्ही प्रकार असल्यास ‘एबी’ आणि काहीच न जोडल्यास ‘ओ’ गट होतो. ‘ए’ व ‘बी’ यांतील फरक शर्करेच्या केवळ दुसऱ्या कार्बनवरील गटाचा आहे. एकात तेथे ॲसिटिल-अमिनो गट, तर दुसऱ्यात हायड्रॉक्सिल गट असतो. एवढ्या फरकाने चुकीचे रक्त प्राणघातक ठरू शकते.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत एका वेगळ्याच रक्तगटाचा शोध लावला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखला जातो. या व्यक्तींत फ्युकोज जोडणारे विकर कार्यक्षम नसल्यामुळे एच प्रतिजनच तयार होत नाही. नेहमीच्या पेशी-चाचणीत असे रक्त ‘ओ’ भासते. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तद्रवात एच प्रतिजनाविरुद्धही प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. सिकलसेल रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या प्रदेशात रक्तपेढीतील तंत्रज्ञाने जुळणीची चाचणी का टाळू नये, याचे उत्तर एका अनुपस्थित शर्करेत आहे.

९. अध्यापनविषयक सूचना

उपरोक्त विवेचनावरून काही सूचना करता येतील. प्रथम पदार्थ, नंतर गुणधर्म आणि शेवटी आकृती असा क्रम ठेवल्यास आकृती प्रश्नाचे उत्तर म्हणून समोर येते. पेज व आयोडीन, मोहफुलांचा अर्क व बेनेडिक्ट द्रावण, लाळेची पेजेवर व गाळणकागदावर होणारी तुलनात्मक क्रिया हे तीन प्रयोग अल्प साधनांत होऊ शकतात. प्रत्येक रचनात्मक संकल्पनेसोबत रुग्णाचा एक प्रश्न जोडावा. उदाहरणार्थ, अहवालात एचबीए१सी ५ टक्के असून उपाशीपोटीची रक्तशर्करा १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असल्यास पुढे काय तपासावे? पारिभाषिक संज्ञा मराठीत समजावून सांगून परीक्षेत लागणारी इंग्रजी संज्ञा त्याच वेळी लिहून द्यावी, म्हणजे भाषेचा अडसर विषयाचा अडसर होणार नाही.

१०. समारोप

अल्फा बंधाने जोडलेले ग्लुकोज अन्न होते, बीटा बंधाने जोडलेले लाकूड होते. चौथ्या कार्बनवरील दिशा बदलली की पट्टीची चाचणी त्याला ओळखत नाही. वलय उघडले की ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटते, आणि साखळीच्या टोकावर एक शर्करा नसली की रक्तगट बदलतो. या सर्व ठिकाणी घटक अणूंपेक्षा त्यांची मांडणी निर्णायक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला ही मांडणी शिकविण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या परिसरातच उपलब्ध आहे, आणि तिची गरजही तेथील रुग्णांना सर्वाधिक आहे. म्हणून प्रथम वर्षातील हे प्रकरण केवळ परीक्षेपुरते न शिकविता भावी आरोग्यसेवेची पूर्वतयारी म्हणून शिकविणे अगत्याचे ठरते.